सेक्रोपिया पतंग पाळायचाय? मग कोष शोधायला हिवाळ्यातच निघा

अमेरिकेच्या पूर्व किंवा मध्य भागात राहत असाल आणि आसपास मेपल, रानचेरी किंवा बर्चची झाडं असतील, तर उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा देशी पतंग तुमच्या गल्लीत असण्याची बरीच शक्यता आहे. सेक्रोपिया त्याचं नाव. मादीने पंख पसरले की सहज १५ सेंटीमीटर भरतात. अंगावर विटकरी लव, मानेभोवती पांढरी पट्टी, करड्या-तपकिरी पंखांवर लाल-पांढऱ्या चंद्रकोरी. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियापासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला रॉकी पर्वतापर्यंत याचा मुलूख. तरीही वीस-वीस वर्षं इथे राहिलेल्यांनी तो पाहिलेला नसतो, कारण तो रात्री उडतो आणि पतंग म्हणून जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. खाणंपिणं सगळं अळीपणी उरकलेलं असतं.

म्हणून पतंगाच्या मागे लागू नका, कोष शोधा. कोष सात-आठ महिने एकाच जागी असतो आणि पानं झडली की उघडा पडतो.

गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडांवरचे टसरचे कोष ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे सगळं लवकर उमगेल. टसरचा पतंग, सह्याद्रीतला ॲटलास पतंग आणि हा सेक्रोपिया एकाच कुळातले. फरक असा की सेक्रोपियाच्या रेशमाचा धंदा कधी जमला नाही. इथे आपण पाळणार ते केवळ हौसेपोटी.

पायरी १: कोष कुठे आणि कसा शोधायचा

नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. सूर्य खाली असताना, सकाळी नाहीतर चारच्या सुमाराला निघा. तिरप्या उन्हात कोष लगेच डोळ्यांत भरतो. रानचेरी, बॉक्स एल्डर, सिल्व्हर मेपल, बर्च, विलो, डॉगवुड, सफरचंद आणि लायलॅक ही झाडं आधी बघा.

दाट जंगलात जायची मुळीच गरज नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या गिल्बर्ट वॉल्डबाउअर आणि जेम्स स्टर्नबर्ग यांनी शॅम्पेन-अर्बाना या जोडशहरात सेक्रोपियाचा बरीच वर्षं अभ्यास केला. नव्या वसाहतींत, जिथे बिल्डरने नुकतीच कोवळी झाडं लावलेली असतात, तिथे त्यांना कोष जास्त मिळाले. आपली बरीच मंडळी राहते ती अशाच वसाहतींत. तेव्हा पहिली फेरी स्वतःच्या कॉलनीतच मारा. शेजाऱ्याच्या आवारात मात्र विचारूनच शिरा.

कोष ओळखायची मुख्य खूण म्हणजे तो लोंबत नाही. फांदीच्या लांबीला धरून, एका बाजूने सबंध चिकटलेला असतो. लांबी साधारण सात-आठ सेंटीमीटर, रंग तपकिरी, पोत जुन्या खाकी कागदासारखा. काही घट्ट आणि निमुळते असतात, काही सैल, फुगलेले, दोन्ही सेक्रोपियाचेच. बऱ्याचदा कोष झाडाच्या बुंध्याशी, गवताच्या उंचीवर सापडतो, त्यामुळे नुसतं वर बघत चालू नका.

सुरुवातीला गफलत होते ती पुढच्या चार गोष्टींत. देठाला रेशीम गुंडाळून लोंबणारं सुकं, वळलेलं पान दिसलं तर तो प्रोमेथिया पतंगाचा कोष. पानात गुंडाळलेला, अंड्याच्या आकाराचा, बहुतेक वेळा जमिनीवर पडलेला असेल तर पॉलिफेमस. सुरूसारख्या सदाहरित झाडावर काड्याकुड्या चिकटवलेली लोंबती पिशवी ही बॅगवर्म, तिच्याकडे लक्ष देऊ नका. आणि वाळलेल्या फेसासारखा दिसणारा गोळा म्हणजे नाकतोड्यासारख्या प्रार्थनाकीटकाची अंडी. हिरव्यागार लूना पतंगाचे कोष तर झाडावर दिसणारच नाहीत, ते पाचोळ्यात असतात. शरद ऋतूत अंगणातला पाचोळा पिशव्यांत भरून नेऊन टाकला की त्याच्याबरोबर तेही जातात.

पायरी २: जिवंत की रिकामा

कोष हातात घ्या. जिवंत कोष त्याच्या आकाराच्या मानाने चांगला जड लागतो. कानाजवळ नेऊन अगदी हलका हलवला तर आत ‘धप्’ असा भरीव आवाज येतो. वाळक्या शेंगेसारखा खुळखुळ वाजला तर आतला जीव गेलेला आहे. एका टोकाचं रेशीम विस्कटलेलं असेल तर पतंग मागच्या उन्हाळ्यातच निघून गेला. बाजूला लहानसं छिद्र असेल तर सुतारपक्ष्याने चोच खुपसून आतलं शोषून घेतलंय. खालच्या अंगाला कुरतडून मोठं भोक पाडलेलं असेल तर ते उंदराचं काम. बारीक बारीक पुष्कळ छिद्रं दिसली तर आत परजीवी गांधीलमाश्या वाढून उडून गेल्या.

सात-आठ कोष सापडले तर त्यांतला एखाद-दुसराच जिवंत निघतो, हे आधीच धरून चला.

जिवंत कोष सोलून काढू नका. काडीसकट कात्रीने कापा. आणि सापडले तेवढे सगळे उचलू नका, दोन-तीन पुरे. राष्ट्रीय उद्यानं, स्टेट पार्क आणि राखीव जागांमधून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नसतं. तसंच जिवंत कोष, अंडी किंवा अळ्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायच्या तर संघीय कृषी खात्याचा परवाना लागतो. ऑनलाइन कोष विकत मिळतात, पण मी घेणार नाही. जिथला पतंग तिथेच वाढलेला बरा. भारतात भाचीला दाखवायला बॅगेत घालून न्यायचा विचार तर मनातही आणू नका.

पायरी ३: थंडी, थंडी आणि थंडी

कोष घरी आणला की मायेपोटी तो दिवाणखान्यात, हीटरच्या उबेत ठेवला जातो. खरा घात होतो तो इथे.

कोषातला प्यूपा, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था, झोपलेला असतो, आणि त्याला उठवायचं काम आधी थंडी करते. १९४०च्या दशकात हार्वर्डमध्ये कॅरोल विल्यम्स यांनी सेक्रोपियाच्याच प्यूपांवर हे दाखवून दिलं. थंडीत ठेवलेल्या प्यूपाचा मेंदू काढून थंडी न मिळालेल्या प्यूपात बसवला, तर तोही जागा होऊन पतंग बनायला लागतो. म्हणजे थंडी लागते ती मेंदूला. अडीच-तीन महिने ती नीट मिळाली, की मेंदू पुढच्या उबेत ‘आता उठा’ असा संदेश देणारं संप्रेरक सोडायला तयार होतो.

याचा व्यवहारातला अर्थ सांगतो. ऑक्टोबरात उचललेला कोष गरम खोलीत ठेवला, तर तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो आणि शेवटी बहुधा सुकून मरतो. जानेवारी-फेब्रुवारीत उचललेला कोष गरम खोलीत ठेवला, तर उलटंच होतं. थंडी त्याची खाऊन झालेली असते, त्यामुळे काही आठवड्यांत पतंग बाहेर येतो. आणि बाहेर बर्फ, झाडावर पान नाही, जोडीदार नाही. आठवडाभर खिडकीवर धडपडून तो संपतो.

म्हणून कोष बाहेरच ठेवायचे. घराच्या उत्तरेच्या भिंतीशी, ऊन थेट लागणार नाही अशा जागी, पाव इंची तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात. पाऊस-बर्फ लागला तरी बिघडत नाही, उलट तो ओलावा हवाच असतो. तारेची जाळी हवी ती उंदीर, खारी आणि सुतारपक्ष्यांसाठी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पिंजरा बाल्कनीत ठेवावा. बाल्कनीही नसेल तरच फ्रिज. फ्रिजची हवा फार कोरडी असते, तेव्हा कोष झाकणाच्या डब्यात ठेवून सोबत ओलसर पेपर टॉवेल ठेवा, बुरशी येतेय का ते आठवड्याला बघा. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर गावाहून आलेली आई कसला तरी सुका मेवा समजून डबा उघडेल.

पायरी ४: पतंग बाहेर येतो तेव्हा

एप्रिलच्या अखेरीस कोष मोठ्या कापडी जाळीच्या पिंजऱ्यात हलवा. फुलपाखरांसाठी मिळतो तो घडीचा पिंजरा चालतो. भिंती खरखरीत हव्यात. काचेच्या टाकीत कोष ठेवू नका. पतंगाला ताबडतोब वर चढून उलटं लटकावं लागतं. चढता आलं नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत.

मेच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत रोज सकाळी एक नजर टाका. सकाळीच का, त्याचीही एक मजेदार हकीकत आहे. सेक्रोपिया कोषातून सकाळी बाहेर पडतो, त्याचा चिनी चुलतभाऊ अँथेरिया पर्नी मात्र दिवस कलल्यावर. जेम्स ट्रुमन आणि लिन रिडिफर्ड यांनी १९७० साली या दोघांच्या मेंदूंची अदलाबदल केली. मेंदू डोक्यात न बसवता पोटात बसवला तरी पतंग बाहेर पडला तो त्या मेंदूच्या मूळ मालकाच्या वेळेला. घड्याळ मेंदूत असतं, आणि ते दुसऱ्याच्या पोटातही चालतं!

कोषाच्या एका टोकाला रेशीम सैल सोडलेलं असतं, एक प्रकारचं झडपेचं दारच. आधी ते ओलं होतं, मग दोन पाय दिसतात, मग ओलं, गबाळं, पोट सुटलेलं ध्यान बाहेर येतं. पंख असतात अंगठ्याच्या नखाहून थोडेच मोठे. ते वर चढून लटकतं आणि पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलायला लागतं. अर्ध्या-पाऊण तासात पंख पूर्ण आकाराला येतात, पण ओल्या कपड्यासारखे लुळे असतात. कडक व्हायला आणखी काही तास लागतात. या काळात हात लावायचा नाही, फोटोसाठी काडी हलवायची नाही, ‘अडकलाय बिचारा’ म्हणून कोष कापून मदत करायची नाही. खाली तपकिरी-तांबूस पाणी सांडलेलं दिसेल, ते रक्त नव्हे.

काही कोष जून उलटला तरी बंद राहतात म्हणून फेकू नका. वॉल्डबाउअर-स्टर्नबर्ग यांनाच असं आढळलं की तिथले सेक्रोपिया दोन लाटांमध्ये बाहेर येतात. एक लाट लवकर, आणि दुसरी त्यानंतर काही आठवड्यांनी.

पायरी ५: मादी असेल तर पिंजरा रात्रभर बाहेर ठेवा

नर-मादी ओळखणं सोपं. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या. मादीच्या अरुंद, आणि पोट भरलेलं. नर निघाला तर अंधार पडल्यावर सोडून द्या, त्याची कामं तो बघेल.

मादी असेल तर पिंजरा रात्री बाहेर, जमिनीपासून वर, वारा लागेल असा टांगा. अंगणातले दिवे बंद करा. मादी पोटाच्या टोकातून गंध सोडते, आणि तो नराला मैलभरावरूनही लागतो. वेळ मात्र ब्राह्ममुहूर्ताची, पहाटे तीन ते उजाडेपर्यंत. त्याआधी जागत बसण्यात अर्थ नाही. साडेतीनचा गजर लावा. आले तर नर एकापाठोपाठ एक येतात, पिंजऱ्यावर धडका देतात. एकाला आत घ्या, बाकीच्यांना जाऊ द्या. जोडी जमली की ती संध्याकाळपर्यंत तशीच असते. त्यांना हलवू नका.

दुसऱ्या रात्री मादीला किराणाच्या खाकी कागदी पिशवीत ठेवा आणि तोंड दुमडा. सकाळी पिशवीच्या आतल्या अंगाला दोन-दोन मिलिमीटरची, मळकट पांढरी, तपकिरी डिंकाने चिकटलेली अंडी दिसतील. मादी एकूण शंभरावर अंडी घालते, पण तुम्हाला वीस पुरेत. त्यानंतर तिला सोडून द्या, बाकीची ती झाडांवर घालील. अंडी खरवडायची नाहीत, कागद त्यांच्याभोवती कापून घ्यायचा.

पायरी ६: अळ्या

दहा ते चौदा दिवसांत अंड्यांतून काळ्या, केसाळ, मुंगीएवढ्या अळ्या निघतात. पहिल्याच दिवशी कोवळं पान समोर हवं. कुठलं झाड द्यायचं ते आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मेपलवर वाढलेल्या अळीला मध्येच चेरी दिली तर ती बऱ्याचदा उपाशी मरते, पण नवं पान खात नाही. माझं मत रानचेरीच्या बाजूने आहे. कुंपणाशी फुकट उगवते आणि अळ्या त्यावर चांगल्या पोसतात.

पानं कुठून आणता याची पक्की खात्री करा. नर्सरीतल्या नव्या झाडांना मुळांतून कीटकनाशक दिलेलं असू शकतं. ते पानात उतरतं आणि धुऊन जात नाही. मे-जूनमध्ये तुमच्या गावात झाडं बोडकी करणाऱ्या स्पंजी पतंगासाठी फवारणी होणार असेल तर तारखा विचारून घ्या. त्या फवारणीतले जिवाणू सेक्रोपियाच्या अळीलाही मारतात.

पहिले आठ-दहा दिवस अळ्या डब्यात ठेवायला हरकत नाही. फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून ठेवणार असाल तर बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा, नाहीतर अळ्या देठावरून खाली उतरून बुडतात. लेंड्या रोज काढा. गर्दी केली आणि ओल राहिली की रोग येतो, आणि आला की सगळ्या जातात.

त्यानंतर त्यांना झाडावरच, पिशवीत न्या. हार्डवेअरच्या दुकानात रंग गाळायच्या पाच गॅलनच्या जाळीदार पिशव्या मिळतात. पानं असलेल्या फांदीवर ती चढवायची, आत पाच-सहा अळ्या सोडायच्या आणि तोंड सुतळीने बांधायचं. बांधण्यापूर्वी फांदी जोरात झटका, आत एखादा कोळी किंवा भक्षक ढेकण्या राहिला तर आठवड्याने पिशवीत एकच जीव उरलेला दिसेल. पानं संपत आली की दुसरी फांदी.

‘झाडावर मोकळ्याच सोडल्या तर काय होईल?’ तर सांगतो. १८६०च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला एत्येन त्रूव्हेलो या फ्रेंच गृहस्थाने रेशमाच्या प्रयोगांसाठी युरोपातून स्पंजी पतंग आणला, आणि तो निसटला. त्याच्या अळ्यांनी जंगलं बोडकी केली. त्याच्या बंदोबस्तासाठी १९०६ साली एक युरोपी माशी आणून सोडली, काँप्सिल्युरा. ही माशी जिवंत अळीच्या अंगात आपली पिल्लं घालते, आणि अळी कुठल्या जातीची आहे हे ती फारसं बघत नाही. मॅसॅच्युसेट्समध्येच संशोधकांनी सेक्रोपियाच्या अळ्या रानात सोडून पाहिल्या. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अळीच्या पहिल्या तीन अवस्थांतल्या (एका कातेपासून दुसरीपर्यंत एक अवस्था) मृत्यूंपैकी ८१ टक्के या एकाच माशीच्या खात्यावर होते. न्यू इंग्लंडमध्ये सेक्रोपिया दुर्मीळ झाला, त्यामागे ही माशी असल्याचा संशय त्यामुळे बळावला. तेव्हा दोन डॉलरची ती जाळी लावायचा कंटाळा करू नका.

अळी चार वेळा कात टाकते. त्याआधी दिवस-दीड दिवस ती डोकं वर करून गप्प बसते, खात नाही. आजारी आहे असं वाटून तिला उचलू नका. तिने पायांनी रेशमाच्या बैठकीला घट्ट धरलेलं असतं, ओढलं तर कात अडकते. काळ्याची पिवळी, पिवळ्याची हिरवी होत शेवटी ती निळसर हिरवी, दहा-बारा सेंटीमीटरची होते. पाठीवर पुढच्या बाजूला नारिंगी-लाल गाठींच्या दोन जोड्या, मागे पिवळ्या, बाजूंना निळ्या, आणि प्रत्येक गाठीवर बारीक काळे काटे. हे काटे टोचत नाहीत, मुलांनी हात लावला तरी चालतो. पण बाजूने पांढरी-लाल रेघ असलेली, हिरव्या काट्यांच्या झुपक्यांची अळी दिसली तर ती आयओ पतंगाची. तिचा दंश चांगलाच झोंबतो. मुलांना आधी ती ओळखायला शिकवा.

पायरी ७: पुन्हा कोष

अंडं फुटल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि पिशवीत सैरावैरा फिरायला लागते. आत काही जाड काड्या असू द्या. कोष ती थरांनी विणते. बाहेर चिवट कवच, मध्ये सैल रेशीम, आत आणखी एक घट्ट कोष. विणकाम संपलं तरी निदान दोन आठवडे पिशवी हलवू नका, आत प्यूपाची कातडी अजून कोवळी असते.

पानगळ झाली की कोष काडीसकट कापून तारेच्या पिंजऱ्यात घाला, तीच उत्तरेची भिंत. जाळीवरच विणलेला कोष बोटांनी अलगद सुटतो. सुटत नसेल तर जाळीचा तुकडा कापून द्या. चार-पाच कोष स्वतःकडे ठेवा, बाकीचे आसपासच्या वेगवेगळ्या झाडांवर, एकमेकांपासून लांब, सुतळीने फांदीच्या लांबीला धरून बांधा. एका झाडावर सगळे बांधले तर सुतारपक्ष्याला एक सापडला की सगळेच सापडतात.

पुढच्या मे महिन्यात तुमच्या पिंजऱ्यातून नर आणि मादी एकाच सकाळी निघाले तरी त्यांची जोडी लावू नका, ती भावंडं आहेत. नराला त्याच संध्याकाळी गाडीतून तीन-चार मैल लांब नेऊन सोडा, मादीचा पिंजरा बाहेर टांगा आणि साडेतीनचा गजर लावा.